ती शिट्टी नेटवर्कची नव्हती

माझ्या नातवंडांनो, करुणा आणि योहान,

हे मी मराठीत लिहिते आहे, कारण ज्या माणसाबद्दल लिहायचं आहे तो मला इंग्रजीत दिसतच नाही. करुणाला वाचता येईल. योहानला जिथे अडेल तिथे आईने वाचून दाखवावं, पण शब्द बदलू नयेत.

आत्ताच का, तेही सांगते. पंधरा दिवसांपूर्वी सकाळी मला काष्टीहून फोन आला. बाईचा आवाज होता, ओळखीचा वाटला, पण शब्द लागेनात. मी म्हटलं, "जरा मोठ्याने बोला." ती मोठ्याने बोलली. तरी कळेना. मी म्हटलं, "पुन्हा सांगा, कोण गेलं?" तिसऱ्या वेळी ती जवळजवळ ओरडली, "बाई, आप्पा गेले! माझे वडील!" आपले वडील गेले, हे वाक्य त्या मुलीला मी तीनदा बोलायला लावलं.

त्याच आठवड्यात मी कान तपासून घेतले. आता माझ्या दोन्ही कानांमागे शेंगदाण्याएवढी यंत्रं आहेत. ती बसवणाऱ्या मुलीने समजावून सांगितलं की यात मोठा आवाज दाबला जातो आणि बारीक आवाज उचलला जातो. मी म्हटलं, "म्हणजे कंप्रेसर." ती माझ्याकडे बघतच राहिली. मराठीच्या निवृत्त शिक्षिकेला हा शब्द कुठून माहीत, असं तिला वाटलं असेल. मला तो आप्पांनी शिकवला होता.

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. चार वर्षांपूर्वी आजोबांची स्मरणसभा तुम्ही फोनवरून पाहत होता, तेव्हा मध्येच एक कर्कश शिट्टी वाजायला लागली होती. नंतर योहानने विचारलं, "आजी, ती शिट्टी कसली?" मी म्हटलं, "नेटवर्कची." ते खोटं होतं. ते दुरुस्त करायचं राहून गेलं आहे.

आप्पांचं नाव भानुदास. गाव काष्टी, श्रीगोंदा तालुका. घरी थोडी शेती, पण ती भाऊ बघायचा. आप्पांचा धंदा साउंडचा. लग्न, कीर्तन, सप्ताह, शाळेचं गॅदरिंग, पुढाऱ्याची सभा, आमच्या चर्चचा कापणीचा सण, जिथे चार माणसं बोलणार आणि चारशे ऐकणार, तिथे आप्पांचा टेम्पो. टेम्पोच्या पाठीमागे पूर्वी 'मंडप, लाईट, साउंड' असं रंगवलेलं होतं. पहिले दोन शब्द त्यांनी नंतर स्वतःच पांढऱ्या रंगाने पुसून टाकले. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मांडव कुनीबी घालतंय, बाई."

ते बुटके होते, रुंद खांद्यांचे. पांढरा पायजमा, शर्टाच्या खिशात टेस्टर आणि काळं जाड पेन. घड्याळ कधी वापरलं नाही. घड्याळाच्या जागी मनगटात चिकटपट्टीचा एक रोल बांगडीसारखा अडकवलेला असायचा. बोलता बोलता त्याची एक पट्टी दातांनी तोडायची आणि कुठेतरी डकवायची, ही त्यांची सवय. एकदा आमच्या स्वयंपाकघरातल्या मिक्सरच्या बटणालाही त्यांनी पट्टी लावून वर 'हिथं थांबा' असं लिहिलं होतं, कारण मी बटण सरळ तीनवर फिरवते हे त्यांना बघवलं नाही.

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते आमच्या मुलींच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात. दरवर्षी आमच्याकडे दोन अडचणी असत. मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, माईकसमोर उभ्या राहिल्या की पहिल्या रांगेतले पाहुणे मागे सरकायचे, इतका त्यांचा आवाज. आणि मुली कविता म्हणायला लागल्या की तिसऱ्या रांगेपुढे काही पोचायचं नाही. त्या वर्षी नेहमीच्या माणसाऐवजी आप्पा आले. तालमीच्या वेळी ते स्टेजजवळ फिरकलेच नाहीत. सगळी यंत्रं त्यांनी मैदानाच्या अगदी शेवटी, शेवटच्या रांगेच्या बाजूला मांडली आणि त्या रांगेतल्या एका खुर्चीवर बसले. तिथून त्यांनी मला हाक मारली, कारण निवेदन माझ्याकडे होतं.

"बाई, माईकात काय बी बोला. पयलं असं बोला, की लांब शेतात मानूस हाय आन् त्याला हाक मारायची."

मी संकोचले. आयुष्यात मी कधी ओरडले नव्हते, वर्गातसुद्धा. तरी बोलले.

"आता मांडीवरच्या लेकराला सांगा. झोपाय आलंय ते."

मी हळू बोलले. त्यांनी डोळे मिटून दोन्ही ऐकलं, एका काळ्या डब्याच्या गुंड्या फिरवल्या, पट्टी तोडून डब्यावर डकवली आणि पेनाने तिच्यावर खूण केली. मग मोठ्या बाईंना बोलावलं, मग प्रत्येक कविता म्हणणाऱ्या मुलीला. सगळ्यांना तेच सांगायचं, आधी शेतातला माणूस, मग मांडीवरचं लेकरू. मोठ्या बाईंना मांडीवरच्या लेकराला सांगणं काही केल्या जमेना. आप्पा मला हळूच म्हणाले, "ह्यांच्या मांडीवर झोपंल का कुनी?"

संमेलनाच्या दिवशी ते शेवटच्या रांगेत मुलींच्या आज्यांमध्ये बसले. मध्येमध्ये शेजारच्या आजीला विचारायचे, "आजी, नात काय म्हनली?" आजीने नीट सांगितलं की मान डोलावायचे. आजीने "काय की" म्हटलं की एक गुंडी केसभर फिरवायचे. त्या वर्षी मोठ्या बाईंचं भाषण कुणाच्या कानाला लागलं नाही आणि सर्वांत लहान मुलीची कविता फाटकाजवळच्या शेंगदाणेवाल्यालाही ऐकू गेली. कार्यक्रम संपल्यावर मी त्या काळ्या डब्याबद्दल विचारलं.

"कंप्रेसर हाय ह्यो," आप्पा म्हणाले.

आमच्या जिल्ह्यात कंप्रेसर म्हटलं की विहिरीचा खडक फोडायला येणारा ट्रॅक्टर डोळ्यांपुढे येतो. तसं मी बोलून दाखवल्यावर ते पोटभर हसले. मग त्यांनी जे सांगितलं ते मी त्याच दिवशी वहीत लिहून ठेवलं, म्हणून जसंच्या तसं देते आहे.

"बैलाचा कासरा धरलाय का कवा? न्हाई? बरं. उतार लागला की बैल पळाया बघतो, तवा कासरा खेचायचा. चढ लागला की ढिला सोडायचा. मानसाच्या आवाजाचं तसंच हाय. उसळला की धरायचा, बसला की सोडायचा. ह्या चार गुंड्या. कुठल्या उंचीवर धरायचं, किती जोरात धरायचं, किती चटकन धरायचं आन् किती सावकाश सोडायचं. लई खेचला तर बैल चालतच न्हाई. आवाज मेल्यागत हुतो. चटकन सोडला तर आवाज धापा टाकतो, दमेकऱ्यावानी. पखवाज असला की पयली थाप जाऊ द्यायची, मंग धरायचं. थाप धरली तर पखवाज ऱ्हात न्हाई, पत्र्याचा डबा हुतो."

मी तीस वर्षं मुलींना विरामचिन्हं शिकवली. कुठे थांबायचं आणि किती थांबायचं यावर इतका बारीक विचार करणारा माणूस मला शाळेत भेटला नव्हता, तो मैदानाच्या शेवटच्या रांगेत भेटला. त्यानंतर आमच्या चर्चचा प्रत्येक मोठा कार्यक्रम मी आप्पांनाच सांगत गेले. पाळकसाहेबांची पट्टी झाली, माझी झाली, तुमच्या आजोबांची झाली. आजोबा वार्षिक सभेत अहवाल वाचायचे आणि त्यांचा आवाज किती बारीक होता ते तुम्हाला आठवत असेल. त्यांच्या पट्टीवर आप्पांनी 'साहेब, लई हळू' असं लिहिलं होतं.

आप्पांचा एक हट्ट होता, आणि तो ते दिवसातून दोनदा तरी बोलून दाखवायचे. "माझ्या साउंडनं आजवर कुनाच्या कानाला तरास न्हाई." हीच त्यांची अब्रू. एका सभेत पुढारी भाषण थांबवून माईकमधूनच गरजले, "ए साउंडवाले, आवाज वाढव!" आप्पा शेवटच्या रांगेतून उठले आणि दोन्ही हात तोंडाभोवती धरून म्हणाले, "आवाज पुरतोय साहेब, मानसंच कमी हायेत!" मैदान हसलं. त्या पुढाऱ्याने त्यांना पुन्हा कधी बोलावलं नाही.

मग डीजेचे दिवस आले. एका वरातीत नवऱ्या मुलाच्या चुलत्याने त्यांना कंप्रेसर काढून टाकायला सांगितलं. "छातीत धडधडलं पायजे, आप्पा. लग्न हाय, मयत न्हाई." आप्पांनी विचारलं, "नवऱ्याच्या आज्जीला घेऊन चाललाय न्हवं वरातीत? तिच्या छातीत धडधडलं तर?" चुलत्याने दुसऱ्याची गाडी बोलावली. अशी कामं हळूहळू गेली. ही गोष्ट त्यांनी माझ्याकडे तक्रार म्हणून सांगितली नव्हती. आमच्याकडे चहा पिताना सांगितली होती, आणि सांगून झाल्यावर म्हणाले होते, "आज्जी नीट घरी गेली असंल का, कुनाला ठावं."

आता जे लिहायचं आहे ते मला जड जातं.

कार्यक्रमाच्या आधी आप्पा एक गोष्ट न चुकता करत. प्रत्येक भोंगा, प्रत्येक बॉक्स चालू करून ते त्याला कान लावायचे. गाभण म्हशीच्या पोटाला कान लावावा तसा, अगदी टेकवून. भोंगा किंचित फाटला आहे का, पडदा सैल झाला आहे का, हे त्यांना त्यातून कळायचं. मोजायची यंत्रं मिळतात, दिवे असतात, असं तुमचे आजोबा त्यांना एकदा म्हणाले. आप्पा म्हणाले, "दिव्याला काय कळतंय, साहेब? दिवा ऐकतो व्हय?" एका कार्यक्रमाला आठ भोंगे, वर्षाला शंभरेक कार्यक्रम, आणि हे चाळीस वर्षं. शेवटच्या रांगेतल्या आजीचा कान जपणारा हा माणूस स्वतःचा कान दर वेळी भोंग्याला टेकवत होता, आणि आम्ही सगळे ते त्यांचं कसब समजून कौतुकाने बघत होतो. मीसुद्धा.

माझ्या लक्षात पहिल्यांदा आलं ते आमच्या स्वयंपाकघरात. आप्पा कापणीच्या सणाचं ठरवायला आले होते, टेबलाशी बसले होते. गॅसवर कुकर होता. त्याने शिट्टी दिली, लांबलचक. आप्पा बोलतच राहिले, आवाज न चढवता, न थांबता. कुकरची शिट्टी वाजताना माणूस बोलायचा थांबतोच. आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. आप्पा गेल्यावर ते म्हणाले, "त्यांना शिट्टीसारखे टोकदार आवाज येत नाहीयेत. तू सांग त्यांना. तुझं ऐकतील."

मी म्हटलं, सांगते.

नाही सांगितलं. पुढच्या महिन्यात सांगू म्हटलं, मग नाताळ होऊ दे म्हटलं. दरम्यान चर्चमध्ये माईकला बारीक शिट्टी यायला लागली होती, उपदेशात पाळकसाहेब थांबले की अगदी टोकदार, डासासारखी. लोकांना वाटायचं, वायर जुनी झाली असेल. मला कारण कळत होतं. आप्पांच्या कानाला आवाज मंद वाटायचा म्हणून ते गुंडी थोडी जास्त फिरवायचे. बोलणं थांबलं की कंप्रेसर आपला कासरा सोडतो आणि शांततेतलं सगळं वर उचलतो, आणि तिथेच माईक शिट्टी मारतो. हे सगळं त्यांनीच मला शिकवलं होतं. पण त्यांना जाऊन 'आप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही' असं म्हणायचं म्हणजे काय, याचा विचार केला की माझी जीभ अडायची. सुताराला बोटं राहिली नाहीत असं सांगण्यासारखं होतं ते. मी त्याला दया समजत होते.

मग आजोबा गेले.

स्मरणसभा चर्चच्या पटांगणात होती, दुपारी चार वाजता. तुमच्या आईने फोन तिपाईवर लावून दिला होता, म्हणजे तुम्हाला दिसेल. साउंडला कुणाला सांगायचं, हा प्रश्न मला पडलाच नाही. आप्पा दुपारी बारालाच आले. आजोबांच्या फोटोसमोर उभे राहिले, मनगटातला चिकटपट्टीचा रोल काढून खिशात ठेवला, हात जोडले, आणि रोल परत मनगटात घातला.

आजोबांचे राहुरीचे मित्र बोलायला उभे राहिले. तुम्ही त्यांना भास्करकाका म्हणता. ते तेव्हा ऐंशीच्या पुढचे, आवाज आजोबांसारखाच, किंबहुना त्याहून बारीक. त्यांना प्रत्येक वाक्यानंतर थांबावं लागत होतं, कारण रडू येत होतं. शेवटच्या रांगेत आप्पांना त्यांचे शब्द पोचेनात. ते गुंडी फिरवत गेले. भास्करकाका बोलत तोपर्यंत ठीक होतं. ते थांबले की शिट्टी उठायची. आधी डासाएवढी, मग सुरीसारखी. काका पुन्हा बोलायला लागले की दबायची, थांबले की पुन्हा. त्यांच्या रडण्यासाठी जितकी म्हणून शांतता होती, ती सगळी त्या शिट्टीने भरून गेली. लोकांनी कानांवर हात ठेवले. तान्ही मुलं रडायला लागली. भास्करकाका गोंधळून माईककडे बघायला लागले, आणि मग बोलायचेच थांबले.

शिट्टी चढतच राहिली.

सगळ्यांनी माना वळवल्या. मीही वळवली. शेवटच्या रांगेत आप्पा डोळे मिटून बसले होते आणि मान डोलावत होते. कार्यक्रम नीट चालला आहे, असा त्यांचा चेहरा होता.

मधल्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ए बहिऱ्या, बंद कर ते!" तेही त्यांना ऐकू गेलं नाही.

मी उठले. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत पोचायला फार वेळ लागल्यासारखं वाटलं. मी गुंडीवरच्या त्यांच्या हातावर हात ठेवला. त्यांनी डोळे उघडले. आधी माझ्याकडे पाहिलं, मग पटांगणाकडे. दोनशे माणसं त्यांच्याकडे वळून कान झाकून बसली होती. शेजारची आजीसुद्धा. आप्पांचा चेहरा पांढरा पडला. पण त्यांनी मेन बटण बंद केलं नाही. कार्यक्रम मध्येच तोडायचा नाही, हा त्यांचा नियम होता. त्यांनी माझ्या चेहऱ्याकडे बघत ती गुंडी केसाकेसाने मागे फिरवली. मी मान हलवत गेले, अजून, अजून, थोडं अजून. मग मी डोळे मिटले, तेव्हा ते थांबले. शिट्टी गेली होती. भास्करकाकांनी भाषण पुरं केलं. आप्पा शेवटपर्यंत माझ्या चेहऱ्याकडेच बघत होते, आणि मी आजोबांच्या फोटोकडे पाठ करून तिथेच उभी होते.

सगळे गेल्यावर ते वायर गुंडाळत होते. मी जवळ गेले. त्यांनी वर न बघता विचारलं, "बाई, तुमाला कवापास्नं ठावं हुतं?"

मी म्हटलं, "दोन वर्षं झाली असतील."

त्यांनी पाहिलं माझ्या ओठांकडे, आणि मी दोन बोटं वर केली.

"दोन वर्सं," ते म्हणाले. वायरचं वेटोळं पुरं केलं, त्याला पट्टी लावली. मग म्हणाले, "माझ्या पोरीला तुमच्या शाळंत घातली हुती. तिच्या वहीत येक काना कमी पडला तर तुमी लाल शाईनं गोल करायचा. येक काना. आन् मला दोन वर्सं तसाच जाऊ दिला?"

मी म्हणाले असते की तुमची भाकरी त्यावर होती, तुमचं नाव त्यावर होतं. पण त्यांचं नाव मी वाचवलं नव्हतं. ते त्या दिवशी दोनशे माणसांसमोर गेलं, तेही आजोबांच्या सभेत, आणि मी वेळेवर सांगितलं असतं तर ती गोष्ट एका खोलीत, दोन माणसांत, चहा पिताना राहिली असती.

त्यांनी मला दोष दिला तो तेवढाच. पुन्हा कधी विषय काढला नाही. पण त्या दिवसानंतर श्रीगोंद्यापासून नगरपर्यंत लोक त्यांना बहिरा साउंडवाला म्हणू लागले, आणि वर्षभरात बॉक्स, भोंगे, टेम्पो सगळं गेलं. फक्त कंप्रेसर ते आमच्या चर्चमध्ये घेऊन आले आणि पाळकसाहेबांच्या पत्नीच्या, शांताबाईंच्या हातात दिला. "पट्ट्या काढू नका," एवढंच सांगितलं.

मुलीने आग्रह करून त्यांना कानाचं यंत्र घेऊन दिलं. ते लावून ते एकदा मला भेटायला आले होते. नाराज होते. "बाई, ह्यो माझाच डबा हाय, बारका केलेला. पर ह्या लोकांनी लई खेचून बसवलाय. समदं येकाच उंचीवर येतंय. म्हातारीचा खोकला तेवढाच, चमचा पडला तेवढाच, नातीनं आबा म्हनलं तेवढंच. म्या त्यांना म्हनलं, दुकानात नका बसवू, मांडवात चला, शेवटच्या रांगंत बसा आन् तिथं बसवा. तर हसले." मग त्यांनी विचारलं, "मी लोकांना असंच ऐकवलं का वो बाई, चाळीस वर्सं?"

मी म्हटलं, "नाही आप्पा." हे मी अगदी खरं सांगितलं. पण ज्या बाईने दोन वर्षं गप्प राहून दाखवलं, तिच्या 'नाही'वर कुणी का विश्वास ठेवावा? त्यांनी यंत्र काढून खिशात टाकलं आणि चहा प्यायले.

शेवटचे ते मला दिसले ते काष्टीच्या आठवडे बाजारात, गेल्या वर्षी. मी त्यांच्याच मुलीकडे गेले होते आणि तिथून बाजारात. गर्दी, धूळ, जनावरं, आणि प्रत्येक टेम्पोवर एक भोंगा, कांदे घ्या, भांडी घ्या, चादरी घ्या. आप्पा एका चादरीवाल्याच्या टेम्पोपाशी उभे होते. त्याच्या बॉक्सवर त्यांनी तळहात ठेवला होता, पूर्वी कान टेकवायचे तसा.

"कमी कर," ते चादरीवाल्याला सांगत होते. "फाटलाय पडदा."

"तुमाला ऐकाय येतंय व्हय, आप्पा?"

"हाताला येतंय. आन् समोर बघ, ती बाई कान झाकून चाललीया. ती चादर घेनार हाय का तुझी?"

चादरीवाल्याने हसत आवाज कमी केला. आप्पा वळले आणि मला पाहिलं. मी जवळ गेले. तीन वर्षांत जे बोलायचं राहिलं होतं ते मी बोलले, पण माझ्या सवयीने, हळू. त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं आणि मान हलवली.

"न्हाई बाई, हे मांडीवरच्या लेकराला झालं. शेतातल्या मानसाला हाक मारा."

मी आजूबाजूला पाहिलं. भर बाजार. मी सत्तरीची, पदर नीट घेतलेली, आयुष्यात कधी न ओरडलेली बाई. मी ओरडले, "आप्पा, माझं चुकलं! मी तेव्हाच सांगायला हवं होतं!"

चादरीवाला, दोन म्हशीवाले आणि कान झाकून चाललेली ती बाई, सगळे थांबून बघायला लागले. आप्पांनी नेहमीप्रमाणे डोळे मिटून ऐकलं. मग उघडले.

"आला," ते म्हणाले. "आवाज आला."

चूक माफ केली, असं ते म्हणाले नाहीत, आणि मी तसं तुम्हाला सांगणार नाही. ते पुन्हा त्या बॉक्सकडे वळले आणि त्यावर हात ठेवला. मी थोडं पुढे जाऊन मागे पाहिलं तेव्हाही हात तिथेच होता.

कंप्रेसर अजून आमच्या चर्चच्या कपाटाशेजारी आहे. दर रविवारी शांताबाई तो लावतात, हिरवा दिवा लागतो. त्याच्यावर चार चिकटपट्ट्या आहेत, कडा काळ्या पडल्या आहेत, आप्पांचं अक्षर वाचता येतं: पाळक, बाई, भजनाच्या बायका, आणि साहेब, लई हळू. शेवटची खूण आता कुणासाठीच वापरावी लागत नाही, पण ती कुणी काढलेली नाही. मी हल्ली शेवटच्या रांगेत बसते. तिथे ऐकू येतं.